काकूने हुंगलेलं पाकीट

आमच्या तबेल्यात मालकांना नावाने कुणी ओळखत नाही, बक्षिसीवरून ओळखतात. एक आहेत ‘पाठथोपटे’. त्यांचा घोडा जिंकला की येतात, प्रत्येकाच्या पाठीत धप्पकन थाप मारतात, "वाघ आहात रे तुम्ही!" म्हणतात आणि गाडीत बसून निघून जातात. वाघांचे खांदे दोन दिवस दुखतात. दुसरे ‘पुढच्यावेळीनक्की’. त्यांचं नाव त्यांनीच ठेवलंय, आम्ही फक्त जोडून म्हणतो. एक बाई आहेत, त्या जिंकल्या की इतक्या रडतात की पर्स उघडतात ती रुमाल काढायला, आणि लगेच बंद करतात. त्या ‘रुमालबाई’.

आणि एक आमचे ‘पाकीटवाले’. दातांचे डॉक्टर. घोडी एकच, पण माणूस राजा. जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तबेल्यात येणार, हातात पाकिटांचा गठ्ठा. पाकिटं त्यांच्या दवाखान्याची, कोपऱ्यात हसऱ्या दाढेचं चित्र. प्रत्येकावर निळ्या शाईने लिहिलेलं: जमादार, नालबंद, झाडलोटवाले. आणि सगळ्यात जाड पाकिटावर: मोतद्दार.

तो मी.

मोतद्दार म्हणजे घोडीचं खाणं, पाणी, खरारा, लीद, नखरे, सगळं ज्याच्या डोक्यावर तो माणूस. घोडीचं छापील नाव फार लांबलचक आहे, ते उच्चारताना आमच्या मुकादमाच्या, म्हणजे जमादाराच्या तोंडातून थुंकी उडते. आम्ही तिला काकू म्हणतो. लग्नघरी आलेली एखादी काकू भांडी नीट घासलीत की नाही ते मान वाकडी करून बघते ना, तशी ती आल्यागेल्याकडे बघते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. बक्षिसी मिळाली की ती आधी घोड्याला हुंगवायची. कमावली त्याने, पहिला वास त्याला. मग खिशात. काकूला पाकीट दाखवलं की ती नाकपुडी टेकवते, फुर्रकन शिंकते, आणि हसऱ्या दाढेवर ओला डाग पडतो. तो डाग पडल्याशिवाय आम्ही पाकीट उघडत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो.

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी काकूच्या पायांच्या पट्ट्या सोडल्या आणि सवयीने हात फिरवला. उजवा गार. डाव्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली, मागच्या बाजूने ती जाड नस उतरते तिथे, चार बोटं जागा कोमट. गरम नाही हं. चहा पिऊन पाच मिनिटं झालेला कप हाताला लागतो, तेवढी कोमट.

सहा वाजता साहेब येणार. साहेब म्हणजे ट्रेनर. माणूस देवळात जावं तसा तबेल्यात येतो, आधी कुणाशी बोलत नाही, प्रत्येक घोड्याचे चारी पाय चाचपतो. एवढंसं कोमट लागलं असतं तरी म्हणाले असते, "नाव काढा." शर्यत गेली.

आणि त्या दिवशी काकूवर बसणार होता माझा भाचा. माझ्या ताईचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा घोडा, पण वजन शाळेतल्या पोराएवढं, म्हणून त्याला सगळे टाचणी म्हणतात. आठ महिन्यांत टाचणीला एकही शर्यत जिंकता आली नव्हती. साहेबांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, "ही घोडी शेवटची. नाही जमलं तर मी दुसरा जॉकी बघतो, राग मानू नकोस." टाचणीने राग मानला नाही. तो नुसता अजून बारीक झाला.

मी रबरी नळी ओढली आणि काकूच्या पायावर गार पाण्याची धार धरली. दहा मिनिटं. मग पाय पुसून कोरडा केला. भाच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगितलं, पण आता खोटं कशाला बोलू, कोपऱ्यातली ती हसरी दाढही डोळ्यांसमोर होतीच. बायकोला कपडे धुण्याचं मशीन हवं होतं. तिची मनगटं गेली आहेत पिळून पिळून.

साहेब आले. चाचपलं. म्हणाले, "गार. छान."

काकूने माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं.

शर्यतीआधी मी नेहमीचा उद्योग केला. आमचा मामा-भाच्यांचा एक ठरलेला खेळ आहे. जॉकींचे बूट साफ करणारा बूटवाला माझा दोस्त. प्रत्येक शर्यतीला मी त्याच्याकरवी टाचणीच्या डाव्या बुटात घोड्याच्या खुराकातला एक हरभरा टाकतो. कडक, वाळलेला. टाचणी पाय घालतो, आतून ओरडतो, "मामाऽऽ!" मग बाहेर आला की तो हरभरा नेम धरून माझ्या कपाळावर मारतो. त्या दिवशीही मारला. नेम बरोबर भुवईवर. म्हणाला, "म्हाताऱ्या, आज जिंकून दाखवतो."

शर्यत मी बघितली नाही. म्हणजे डोळे उघडे होते, पण मी त्या सोळा घोड्यांच्या चौसष्ट पायांत एकच पाय शोधत होतो. काकू जिंकली हे मला जमादाराने माझी टोपी हवेत भिरकावली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पाकीटवाले आले. आम्ही लायनीत उभे. एकेकाला हाक, एकेकाशी हात मिळवणं. जमादार मागून कुजबुजला, "आज दाढ सुजलीये बघ." खरंच, पाकिटं नेहमीपेक्षा फुगलेली होती.

"मोतद्दार," पाकीटवाले म्हणाले, "ही घोडी तुमच्या हातावर जिंकली."

"नाही हो डॉक्टरसाहेब, कशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवताय," मी म्हणालो आणि सगळे हसले. माझं पाकीट काकूने हुंगलं, शिंकली, डाग पडला.

मग त्यांनी टाचणीला पुढे बोलावलं. जॉकीचा हिस्सा कायद्याने मिळतो, तो वेगळा. पण पाकीटवाल्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या हातात घातलं. हात एवढुसा, घड्याळ एवढं मोठं! सरकत सरकत पार कोपरापर्यंत गेलं. आम्ही हसून हसून वाकलो. टाचणी हसला नाही. तो त्या घड्याळाकडे असा बघत होता की मी हसायचा थांबलो.

"तीन आठवड्यांनी मोठी शर्यत," पाकीटवाले म्हणाले. "हीच घोडी, हाच जॉकी, हीच तुम्ही सगळी मंडळी. जिंकलो तर पाकिटं दुप्पट."

जमादाराने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चार दिवस पाय गार राहिला. मी म्हटलं, झालं, टळलं संकट. पाचव्या दिवशी सकाळी टाचणीने काकूला जोरात पळवून आणलं, मी पट्टी सोडली, आणि आता कोमट नव्हतं. गरम होतं. बोटाने दाबलं तर काकूने पाय उचलून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. काकूसारखं नाही. लहान मुलासारखं.

मी सरळ साहेबांकडे गेलो. "साहेब, काकूचा डावा पाय गरम आहे."

साहेबांनी वहीतून डोकं वर काढलं. "किती?"

"बऱ्यापैकी."

"टॉवेल किती गरम होता या वेळी?"

तर ते असं होतं. मागच्या वर्षी मी एक पराक्रम केला होता. साहेब यायच्या आधी काकूच्या ठणठणीत पायाला गरम पाण्यात बुडवलेला टॉवेल गुंडाळून ठेवला. साहेबांनी हात लावला, तोंडचं पाणी पळालं. सराव रद्द. घोडेडॉक्टरला फोन. पाकीटवाले दवाखान्यात एका माणसाला आ करून बसवून तसेच धावत आले. घोडेडॉक्टरने मशीन लावून तासभर तपासलं, काहीच सापडेना. मग मी मागून टॉवेल नाचवत आलो. आठवडाभर तबेला हसत होता. पाकीटवालेसुद्धा हसले, पण घोडेडॉक्टरचं बिल त्यांनी भरलं आणि त्या बिलाची लाज साहेबांनी भरली. साहेब एवढंच म्हणाले होते, "पायाची मस्करी पुन्हा नाही."

मी म्हटलं, "साहेब, या वेळी खरं आहे. या ना, हात लावा."

"दुपारी बघतो."

दुपारी बघितलं. तोपर्यंत पाय निवला होता. ही नस असंच करते, पळालं की तापते, उभं राहिलं की निवते. मी दाबून दाखवायला गेलो तर काकूबाई पेंढा चघळत निवांत उभ्या. पाय उचलायचं नाव नाही.

साहेबांनी हात पुसले. "तू पन्नाशीला आलास."

"साहेब, घोडेडॉक्टरला एकदा..."

"परत बोलावू? काय सांगून? त्याच मोतद्दाराने सांगितलंय म्हणून?" आणि गेले.

आता त्यांना पटवायचा एकच रस्ता होता. शर्यतीच्या सकाळीही पाय कोमट होता आणि मी त्यावर पाणी मारलं, हे सांगायचं. तसं सांगितलं की माझी नोकरी गेली, हे तर आलंच. पण टाचणीची ती जीत, जिच्यावर तो एवढे दिवस छाती काढून चालत होता, तीही नासली. म्हणून मी आधी टाचणीलाच धरलं. तो खोगीर पुसत होता. घड्याळाच्या पट्ट्याला त्याने जादा भोकं पाडून आणली होती, पट्ट्याचं लांब टोक लोंबत होतं.

"टाचण्या, काकूचा पाय गरम लागतोय."

"मामा, आज नको हं. वजन करायचंय, सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतलेला. हसलो तर चक्कर येईल."

"तुझ्या आईची शपथ."

तो पुसायचा थांबला. ताईची शपथ मी मस्करीत कधी घेत नाही हे त्याला माहितीये.

"कधीपासून?"

"शर्यतीच्या सकाळपासून. मी पाणी मारलं होतं."

त्याने फडकं खाली टाकलं. "म्हणजे मी त्या पायावर बसून..."

"हो."

मला वाटलं आता कानाखाली वाजवणार. वाजवायलाच हवी होती. त्याने घड्याळ मनगटावर गोल फिरवलं. "टिकला ना पण पाय?"

"त्या दिवशी टिकला."

"मग अजून एकदा टिकेल. दोन मिनिटांचं तर काम आहे."

"आणि नाही टिकला तर? अरे, मागून पंधरा घोडे येत असतात. घोडी कोसळली की तू कुठे असशील? तुला उचलायला चादर लागेल!"

"मामा," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "आठ महिने मी आरशात बघत नव्हतो. परवा एक माणूस रस्त्यात थांबला, म्हणाला, तूच ना तो? मला. समजलं? मला म्हणाला." त्याने खोगीर उचललं. "पाणी मारताना विचारलं नव्हतंस मला. आता कशाला विचारतोस? मार अजून थोडं पाणी."

आणि सांगतो, मी मारलं. दोन दिवस मारलं.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मला आईपेक्षा तिने जास्त बडवलं आहे. टाचणीचे वडील लवकर गेले, तेव्हा पोराला घोड्यावर बसवायची कल्पना माझी. ताई नको म्हणत होती. मी म्हटलं होतं, मी आहे ना तिथे.

"काय रे, ऐकलं, मोठ्या शर्यतीत आहे म्हणे तो?"

"हो ताई."

"मी टीव्हीवर बघणार नाही बाबा. मला धडकी भरते. पण तू आहेस ना तिथे, म्हणून डोळे मिटून बसेन. ऐकतोयस ना? का फोन कुणाच्या कानाला लावून ठेवलायस? तुझा भरवसा नाही मेल्या."

"ऐकतोय."

"मग असा आवाज का येतोय तुझा? सर्दी झाली का?"

"हो," मी म्हटलं. "गार पाण्यात काम फार झालं."

फोन ठेवून मी खुराकाच्या पिंपावर बसलो. साहेब ऐकणार नाहीत. जमादाराला सांगावं तर तो पोट धरून हसेल, वर म्हणेल, दुप्पट पाकिटावर पाणी ओतू नकोस. तीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या डब्यात बेडूक ठेवले, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर लोकांनी ठेवावा कशाच्या जोरावर? मी विचार केला, असं काय आहे जे मी मस्करीतसुद्धा करणार नाही? जे आमच्यातला कुणीच करणार नाही? आमच्या तबेल्यात दारुडे होऊन गेले, हातचलाखीवाले होऊन गेले, एकजण तर साहेबांची सायकल विकून मोकळा झाला. पण बक्षिसी परत करणारा माणूस आजवर झालेला नाही. एकही नाही.

मी भरदुपारी घरी गेलो. बायको शिवणयंत्रावर बसली होती.

"ते पाकीट दे," मी म्हटलं.

"का? मशीन सोमवारी येतंय, मी जागासुद्धा करून ठेवलीय." तिने खरंच मोरीजवळचा कोपरा घासून रिकामा केला होता.

"परत करायचंय."

ती उठली आणि तिने माझ्या शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे खिसे. बेडूक शोधत होती. "अहो, काय नवीन काढलंय आज?"

मी सगळं सांगितलं. नळी, दहा मिनिटं, टॉवेल, टाचणीचं बोलणं.

"वन्संना माहितीये?"

"नाही."

तिने शिवणयंत्राचा खण उघडला, रिळांच्या खालून पाकीट काढलं. दाढेवरचा काकूचा डाग वाळून तपकिरी झाला होता. "यातल्या दोन नोटा मी वापरल्या," ती म्हणाली, आणि स्वतःच्या बटव्यातून दोन नोटा काढून आत घातल्या. "पूर्ण द्या. एक जरी कमी निघाली तर त्यांना वाटेल, चाललीय याची नेहमीची गंमत."

मग तिने रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि बादली परत तिथे नेऊन ठेवली. मनगट चोळत.

रविवारी पाकीटवाले काकूला गाजरं द्यायला आले. मोठ्या शर्यतीला आठ दिवस होते. साहेब बरोबर होते, जमादार होता, नालबंद नाल ठोकत बसला होता, टाचणी काकूचा लगाम धरून उभा. मी गेलो आणि पाकीट पाकीटवाल्यांच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"तुमचं पाकीट. घ्या परत."

सगळा तबेला खदखदून हसला. जमादार ओरडला, "डॉक्टरसाहेब, लांब धरून उघडा! बेडूक निघणार!"

"मागच्या वेळी पाल होती," नालबंद म्हणाला. "रबराची. मी दोन दिवस जेवलो नव्हतो."

पाकीटवालेही हसत होते. त्यांनी पाकीट हातभर लांब धरलं, दोन बोटांनी उघडलं, आत डोकावले. मग नोटा बाहेर काढल्या. हसू कमी झालं. उलटून पालटून बघितल्या, पाकीट पालथं करून झटकलं. काही पडलं नाही. दाढेवरच्या डागावर त्यांनी अंगठा फिरवला.

"यात सगळे पैसे आहेत," ते म्हणाले.

हसणं विझलं. जमादार तोंड उघडं ठेवूनच थांबला. आणि मी टाचणीकडे बघितलं. तो मान हलवत होता. अगदी थोडी. नको, नको.

"शर्यतीच्या सकाळी या घोडीचा पाय कोमट होता," मी म्हणालो. "मी गार पाणी मारून लपवला. साहेबांना गार लागला तो माझ्यामुळे. आता जोरात पळवली की तापतो. मी साहेबांना सांगितलं, पण मागची मस्करी माझीच, त्यांनी का ऐकावं? ही मोठ्या शर्यतीत गेली तर पाय मोडेल, आणि वर जो बसलाय तो माझ्या बहिणीचा आहे."

नालबंदाच्या हातातून खिळा पडला, त्याचाही आवाज आला.

साहेब पांढरे पडले होते. पाकीटवाले मात्र डॉक्टर ते डॉक्टरच. गाजरं जमादाराच्या हातात कोंबली, बाह्या सरसावल्या, खाली बसले. "कुठे? बोट ठेवून दाखवा."

"आत्ता निवलेला असेल."

"असू दे. दाबा."

मी दाबलं, या वेळी खोलवर. काकूने पाय झटकला, टाचणीच्या हातातून लगाम निसटला.

"दातांचं असंच असतं," पाकीटवाले उठत म्हणाले. "गार पाण्याची चूळ भरली की लोकांना वाटतं, बरं झालं. वरचं दुखणं थांबतं. आतलं चालूच असतं." त्यांनी साहेबांकडे बघितलं. "मशीन मागवा."

घोडेडॉक्टर तासाभरात आला. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं, त्याने पेन्सिलीने एक काळा ठिपका दाखवला. नस आतून फाटलेली. सरळ वाटेवर कदाचित टिकली असती, म्हणाला, पण वळणावर जोर आला की खटकन.

"खटकन म्हणजे?" पाकीटवाल्यांनी विचारलं.

घोडेडॉक्टरने हातातली पेन्सिल मोडून दाखवली.

टाचणी तिथून निघून गेला. मी मागे गेलो तर म्हणाला, "जीव वाचवला म्हणून पाया पडू का आता? सांग, पडतो." त्याने घड्याळाचा पट्टा ओढला. "साहेबांना एकट्याला सांगायचं. ट्रेनरच्या खोलीत, दार लावून. सगळ्यांसमोर कशाला? आता माझी जीत काय राहिली, सांग ना. पाण्याने जिंकली ती. कोण विचारणार रस्त्यात मला?"

पाय गरम आहे हे साहेबांना एकट्याला सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण त्याचं बरोबरही होतं. मला सगळ्यांसमोर करायची सवय आहे. बेडूक काय आणि कबुली काय.

जमादारही माझ्याशी बोलेना. दोन दिवसांनी गवताचा भारा टाकताना म्हणाला, "तुला द्यायचं होतं, तुझं तू दिलंस. पण आमच्या तोंडावर? आता माझ्या पाकिटाला हात लावला तरी कसंतरी होतं. पोरीला शाळेचे बूट घेतलेत मी त्यातून." पाकीटवाल्यांनी त्यांच्याकडून काही परत मागितलं नव्हतं. माझंही त्यांनी पुन्हा मला दिलं नाही, आणि दिलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे, म्हणून न दिलं तेच बरं. काकूला त्यांनी शेतावर पाठवलं. तिथे चरेल, पुढेमागे शिंगरं होतील. गाडीत चढताना तिने मान वाकडी करून मागे बघितलं. कोपऱ्यात लीद राहिली होती, ती दिसली असणार.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत.

"तुझा हात चांगला आहे," म्हणाले. "तीस वर्षांत असा हात मी बघितला नाही. पण ज्या हाताला ताप कळला त्याच हाताने तू तो लपवलास. असा हात मी घोड्याला कसा लावू देऊ?"

"नाही साहेब."

"आणि मी ऐकलं नाही, ते मी माझं बघेन."

मी माझा खरारा, टोपी आणि रबराची पाल घेऊन निघालो.

मोठ्या शर्यतीला मी तिकीट काढून आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. माणसांच्या बाजूने घोडे किती लहान दिसतात! टाचणीला ऐनवेळी पाठथोपट्यांच्या घोड्यावर बसवलं होतं, त्यांच्या जॉकीला ताप आला म्हणून. हे साहेबांनी केलं, मला माहितीये. सकाळी मी बूटवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "अरे, तुमचं बोलणं बंद आहे ना?" मी त्याच्या हातात एक हरभरा ठेवला. "टाक," म्हटलं. "डाव्या."

घोडे बाहेर आले तेव्हा मी कठड्याला चिकटून उभा होतो, कपाळ पुढे करून. टाचणी माझ्यासमोरून गेला. बघितलं नाही. हरभरा आला नाही. मी म्हटलं, बूटवाल्याने टाकलाच नाही वाटतं.

या वेळी मी शर्यत डोळे उघडून बघितली. वळणावर मी कठडा घट्ट धरला. सगळे घोडे वळले, सगळे सरळ झाले. टाचणी सहावा आला. सहाव्याला काहीच मिळत नाही, पण पाठथोपटे धावत आले आणि त्यांनी त्याच्या पाठीत धप्पकन थाप मारली. टाचणी दोन पावलं पुढे गेला.

मग तो खोगीर हातावर घेऊन, शर्यतीनंतर जॉकींचं वजन करतात त्या काट्याकडे चालायला लागला. लंगडत होता. डावा पाय टेकवताना तोंड वाकडं करत होता. मी कठडा ओलांडायला एक तंगडी वर टाकली, पहारेकऱ्याने धरलं. "सोडा हो, भाचा आहे माझा, पायाला काहीतरी झालंय..."

आणि तसाच थांबलो, एक तंगडी कठड्यावर.

डावा पाय. बूट. त्याने तो हरभरा काढलाच नव्हता. आतून ओरडला नव्हता, शिवी दिली नव्हती, फेकून मारला नव्हता. तसाच पायाखाली घेऊन रिकिबीत उभा राहिला होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

काट्यावर चढण्याआधी त्याने एकदा इकडे बघितलं. मी हात वर केला. तो वळला आणि वजन द्यायला आत गेला, लंगडत.